सतरा नंबरची मागची बाजू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आई होती तोवर तिलाही नाही. एकदा बहिणीला सांगायला घेतलं होतं, तर मध्येच तिचा फोन वाजला आणि मला इतकं हायसं वाटलं, की पुन्हा तो विषय मी काढलाच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. त्याहून चांगलं कारण शोधूनही सापडलेलं नाही.

टायरच्या कारखान्यांना मी सल्ला देते. साचा एका बाजूला बरोबर तापतो, दुसऱ्या बाजूला कमी — असं का होतं ते शोधायचं आणि दुरुस्त करून द्यायचं, हे माझं काम. गुजरातेत, खाली तमिळनाडूपर्यंत मला बोलावतात. या एका विषयात माझा शब्द चालतो. शिकवायला उभी राहिले की माणसं वह्या उघडतात. हे सांगताना मला अभिमान वाटत नाही आणि लाजही वाटत नाही. लाज वाटायला हवी, हे कळतं. पण कळणं आणि वाटणं वेगळं असतं ना?

सोळा वर्षांपूर्वी मी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका लहान टायर कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर होते. तो कारखाना आता नाही, तिथे गोदामं झाली आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आम्ही बदलापूरला मांजर्लीत भाड्याने राहत होतो. कारखान्यात ऑफिसातल्या दोघी सोडल्या तर बाई मीच. प्रेसच्या शेडमध्ये जाणारी तर मी एकटीच. हे कणव यावी म्हणून सांगत नाही. उलट, त्यामुळे सगळे माझ्याशी जपून वागायचे. माझ्या शब्दावर सहसा कुणी उलट बोलायचं नाही. आणि त्याचा मी उपयोग करून घेतला.

प्रेस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगावं लागेल. कच्चा टायर मऊ आणि चिकट असतो. तो लोखंडी साच्यात ठेवायचा, प्रेस बंद करायचा आणि आतून-बाहेरून वाफेची उष्णता द्यायची. ठरलेल्या मिनिटांनी प्रेस उघडला की पक्का टायर बाहेर येतो, अंगावर नक्षी घेऊन. साच्याच्या वर आणि खाली जाड, पोकळ लोखंडी ताटं असतात, त्यांतून वाफ फिरते. वाफ उष्णता देते आणि तिचं पाणी होतं. ते पाणी बाहेर काढायला एक झडप असते. तिला ट्रॅप म्हणतात. ती पाणी जाऊ देते, वाफ अडवते. ट्रॅप तुंबला की पाणी ताटात साठतं, आणि जिथे पाणी साठलं तिथे वाफ पोहोचत नाही. साच्याची ती बाजू थंड पडते. थंड म्हणजे हाताला थंड नव्हे — हात लावला तर कातडी निघेल. पण रबराला पंधरा डिग्री कमी म्हणजे पुष्कळ कमी. बाहेरून टायर अगदी छान दिसतो. आत, रिमला धरून बसणाऱ्या कडेजवळ, रबर कच्चं राहतं. पावासारखं जाळीदार.

हे होऊ नये म्हणून दर महिन्याला प्रत्येक साच्याचं तापमान सोळा ठिकाणी मोजायचं असायचं. प्रेस उघडा ठेवायचा, गरम साच्यावर वाकून लांब दांडीचा प्रोब एकेका जागी टेकवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. एका प्रेसला पाऊण तास. असे चोवीस प्रेस. मे महिन्यात त्या शेडमध्ये — जाऊ दे. मोजणं माझं काम होतं आणि शीटवर सही माझी होती.

पहिल्यांदा मी न मोजता शीट भरली ती कशामुळे? खरंच आठवत नाही. आजारी नव्हते, घरी काही अडचण नव्हती. सुपरवायझर प्रेस मोकळा करून द्यायला कुरकुर करत होता, एवढंच असेल. मागच्या महिन्याची शीट समोर ठेवली. कुठे एक डिग्री वाढवली, कुठे एक कमी केली. तेच आकडे जसेच्या तसे उतरवले नाहीत, कारण ते खोटे दिसले असते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप सुचलं. पुढच्या महिन्यात पाच प्रेसचे तसेच भरले. मग मागच्या रांगेतले सगळेच. कुणी विचारलं नाही. शीट फायलीत जायची, फाइल कपाटात.

मागच्या रांगेत सतरा नंबरचा प्रेस होता.

त्यावर काळूराम असायचा. पंचेचाळिशीचा, बारवी धरणाच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीतला. ठेकेदाराकडून लागलेला, पण बारा वर्षं त्याच शेडमध्ये. पावसाळ्यात त्याच्या नखांत खाचरातला चिखल असायचा, तो घासूनही निघायचा नाही. तोंडावर मी त्याला ‘काळूराम, तुम्ही’ म्हणायचे आणि माघारी ‘तो’. सगळेच म्हणायचे. इथेही ‘तो’च लिहिते आहे, आता बदलून काय दाखवू? सतरा नंबरवर टेम्पोच्या टायरची एक साइज चालायची. तिला मागणी कमी, म्हणून फक्त पहिल्या पाळीत, आणि पहिल्या पाळीत त्यावर काळूरामच. टायर साच्याला चिकटू नये म्हणून आत सिलिकॉनचं पाणी फवारतात. पाळीत कितीतरी वेळा तो ते फवारायचा. बारा वर्षं.

एका सकाळी मी रांगेतून जात होते, तर त्याने हाक मारली.

“मॅडम, जरा बघता का? खालच्या साच्याची मागली बाजू थंड पडते.”

“कशावरून?”

“फवारा मारला का पुढं लगेच सुकतो. मागं ओला ऱ्हातो. जरासा.”

“जरासा म्हणजे किती?”

“म्हंजे — एवढा.” त्याने एक चुटकी वाजवली, थोडं थांबून दुसरी वाजवली. दोन चुटक्यांमधलं ते अंतर.

मी हसले. वाईट हसले नाही, आपण लहानांच्या बोलण्यावर हसतो तसं. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठ्या माणसाच्या बोलण्यावर. “बघते,” म्हणाले. “शीटवर तर सगळं बरोबर आहे.”

शीटवर सगळं बरोबर होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. आणि हे वाक्य बोलताना मला ते आठवलंसुद्धा नाही. स्वतःच रचलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसला होता. असं होतं का हो कुणाचं? आठ-दहा दिवसांनी त्याने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा “बघते” म्हणाले.

मग एक टायर परत आला.

मुरबाड रस्त्यावर भाजीचा टेम्पो चालला होता. मागचा टायर कडेपासून फाटला आणि टेम्पो उलटला. चालक उल्हासनगरचा, तिशीतला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी हे फार सपाटपणे सांगते आहे, ठाऊक आहे. मला ते तसंच कळलं होतं — फोनवर, दोन वाक्यांत, आणि तिसरं वाक्य ‘टायरचा नंबर लिहून घ्या’ असं होतं.

नंबरावरून प्रेस कळतो, तारीख कळते, पाळी कळते. आम्ही तो टायर कापला. कडेजवळ जाळी. गोदामातले सतरा नंबरचे आणखी टायर कापले, तर त्यांतल्या काहींतही तेच. दुसऱ्या कुठल्या प्रेसच्या टायरमध्ये नाही.

टायर कच्चा राहिला तर आधी दोन गोष्टी बघायच्या: उष्णता कमी पडली की वेळ. उष्णता कमी पडली असेल तर दोष प्रेसचा, म्हणजे तो मोजणाऱ्याचा. वेळ कमी पडली असेल तर दोष चालवणाऱ्याचा. त्याने घाई केली, बटण हाताने दाबून प्रेस आधीच उघडला. मधलं काही नाही. म्हणजे एकतर मी, नाहीतर काळूराम.

चौकशी दुपारी झाली, मॅनेजरच्या केबिनमध्ये. मॅनेजर दामले साहेब. सरळ माणूस, कुणावर उगाच डाफरणारा नाही. टेबलावर माझी शीट होती. सतरा नंबर, सोळा आकडे, खाली माझी सही. शेजारी प्रेसचा तक्ता. एक पेन फिरत्या कागदावर रेघ ओढत जायचं आणि प्रेस किती मिनिटं बंद होता ते त्यावरून कळायचं. त्या पेनाची शाई वाळत आली होती, रेघ जागोजागी तुटक होती. काळूराम दाराशी उभा होता. शेडमधले बूट बाहेर काढून, अनवाणी.

“उष्णता बरोबर आहे,” दामले साहेब शीटवर बोट ठेवून म्हणाले. “मग राहिलं काय? काळूराम, प्रेस हाताने उघडतोस का कधी?”

“टायर चिकटला का उघडतो, साहेब. समदेच उघडतात. पण वेळ झाल्याबिगर नाय.”

“आणि इथे रेघ तुटली आहे, तिथे?”

“पेन चालत नव्हता, साहेब. पण मागली बाजू थंड पडत व्हती. मी मॅडमना सांगितलेलं. दोन येळा.”

दामले साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “सांगितलं होतं का ह्याने?”

इथवर आले. इथे येईपर्यंत किती सांगत बसले — वाफ, झडप, ताटं. आता सांगायचं राहिलं ते एक वाक्य.

मी म्हणाले, “मला तसं काही आठवत नाही, सर.”

‘नाही’ म्हणाले नाही. तेवढा धीर नव्हता. ‘नाही’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, ‘आठवत नाही’ला कुणी खोटं ठरवू शकत नाही. हेसुद्धा आपोआपच सुचलं. आणि माझ्या शब्दापुढे तिथे त्याच्या शब्दाला किती वजन होतं, ते केबिनमधल्या तिघांनाही माहीत होतं.

काळूरामने माझ्याकडे पाहिलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. चिडला असता तर पुढचं सोपं गेलं असतं. पण तो दामले साहेबांना म्हणाला, “असंल, साहेब. मॅडमना कामं किती असतात. त्यांच्या ध्यानात नसंल ऱ्हायलं.”

त्याने मला सांभाळून घेतलं.

त्या वेळी खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आले. मोजलंच नव्हतं, तर प्रेस बिघडलेला आहे हे मला कळणार कसं? कदाचित काळूरामने खरंच घाई केली असेल. ऐकायला हे ठीक वाटतं. पण तिसऱ्या दिवशी मी मोजलं.

सतरा नंबर बंदच ठेवला होता. जेवणाच्या सुटीत मी त्यात वाफ सोडायला लावली, तो पुरता तापू दिला आणि प्रोब घेऊन वाकले. मदतीला रमेशभाई होते — आमचे फिटर, उल्हासनगरचे सिंधी, पन्नाशी ओलांडलेले, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. खालच्या साच्याला पुढे एकशे अडुसष्ट. उजवीकडे एकशे सदुसष्ट. मागे एकशे त्रेपन्न. मी प्रोब उचलला, पुसला, पुन्हा टेकवला. एकशे त्रेपन्न.

वाफ बंद करून रमेशभाईंनी ट्रॅप उघडला. आत गंज आणि काळा, घट्ट गाळ. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने थोडा उकरून जमिनीवर टाकला.

“ये तो कितने महिनों से जाम है, मॅडम. दोन-चार दिवसांचं काम नाही हे.” मग म्हणाले, “शीट में आया नहीं क्या?”

मी म्हणाले, “नवीन बसवा. नेहमीच्या देखभालीत लिहून टाका.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं समजलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. “लिखता हूँ,” म्हणाले. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही. वर्षाने निवृत्त झाले, तेव्हा मिठाईचा डबा घेऊन सगळ्या टेबलांपाशी गेले. माझ्या टेबलापाशी आले नाहीत.

तोपर्यंत काळूरामचा फक्त गेटपास अडवला होता. कामावरून काढल्याचं ठेकेदाराचं पत्र अजून निघायचं होतं. म्हणजे वेळ होता. तो रोज पाळीच्या वेळेला यायचा आणि गेटसमोरच्या वडापावच्या गाडीशी डबा घेऊन उभा राहायचा. कुणी बोलावलं तर लगेच आत जाता यावं म्हणून. मी रिक्षातून उतरले की तो हात जोडायचा, मी मान हलवायचे. मी मोजलं त्या दिवसानंतर असे सहा दिवस. सातव्या दिवशी तो नव्हता.

गेटपासून दामले साहेबांची केबिन चाळीस-पन्नास पावलांवर. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, पोलीसही आले असते, एका माणसाच्या पायाचा प्रश्न होता. मी केबिनच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे — असं काही झालं असतं तर तुम्हाला सांगायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. मी दाराकडे गेलेच नाही. सहाही दिवस कॅन्टीनमध्ये नीट जेवले. झोपही लागत होती.

पुढे जे झालं, ते मला वाटतं या सगळ्यातलं सर्वांत वाईट. नवा ट्रॅप बसला आणि सतरा नंबरचे टायर चांगले यायला लागले. लोकांना काय दिसलं? काळूराम गेला आणि खराबी थांबली. “बघा, माणूस बदलला आणि प्रश्न मिटला,” दामले साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. शेडमध्ये त्याच्या बाजूने बोलणारे दोघे-तिघे होते, तेही मग गप्प झाले. मी गुपचूप केलेल्या दुरुस्तीने त्याच्यावरचा आरोप पक्का केला. आणि मी त्या मीटिंगमध्ये बसून होते, वहीत काहीतरी लिहीत.

त्यानंतर मी एकही खोटा आकडा लिहिला नाही. चोवीसच्या चोवीस प्रेस मोजले, आणखी काही तुंबलेले ट्रॅप सापडले. एक पद्धत बसवली: आधी साच्यावर पाणी फवारायचं, ते कुठे उशिरा सुकतं ते बघायचं, आणि तिथे प्रोब लावायचा. पाऊण तासाचं काम दहा मिनिटांत होतं. दुसऱ्या कारखान्यांनी ती उचलली. आता मी जिथे जाते तिथे इंजिनिअर तिला ‘मॅडमची फवारा टेस्ट’ म्हणतात. एका प्रशिक्षणात एकाने विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?” मी म्हणाले, “शेडमध्ये उभं राहून राहून.” सगळे हसले. छान उत्तर होतं.

कबुली एवढ्यावर थांबवता आली असती. जुनी गोष्ट, तरुण वय, भेदरलेली बाई. पण ती तिथे थांबत नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही स्वतःचं मोठं घर बघत होतो. सोनिवलीला एक नवी इमारत उभी राहत होती, तिथला फ्लॅट नवऱ्याला फोटोंवरूनच आवडला होता. रविवारी सकाळी गेलो. गेटवर वॉचमनच्या निळ्या शर्टात काळूराम.

मी त्याला आधी ओळखलं. तोंड फिरवून आत जावं, असं मनात आलं, आणि गेलेही दोन पावलं.

“मॅडम! वळखलं नाय का?”

“ओळखलं,” मी म्हणाले. “काळूराम ना?”

नवरा एजंटबरोबर वर गेला. काळूरामने केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची बाहेर आणली, फडक्याने पुसली आणि मला बसवलं. खुर्ची एकच होती. तो उभा राहिला. केस पांढरे झाले होते, बाकी तसाच. त्याला मला भेटून आनंद झाला होता — खरा आनंद. मी त्याची चौकशी केली. मुलीचं लग्न झालं होतं, बायको वाडीवर होती, भात अजून लावत होता.

“दुसऱ्या कंपनीत नाही गेलात?” मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

“बोलावणं आलेलं, मॅडम. प्रेसवरच. नाय गेलो.”

“का?”

“हात भरवशाचा ऱ्हायला नाय.” तो स्वतःच्या तळव्याकडे बघत म्हणाला. “आधी वाटायचं, आपण बरोबर व्हतो. मंग शेडमधली पोरं बोलली, तू गेलास आन् प्रेस सुधारला. मंग काय बोलायचं? माझ्याच हातून लवकर उघडला असंल. ध्यानात नाय, पण झालं असंल.”

मी वर जिन्याकडे पाहिलं.

“त्या डायवरच्या घरी गेलतो,” तो म्हणाला. “उल्हासनगरला, क्याम्पात. शोधत शोधत गेलो. वाडीवरची करटोली नेली थोडी. पाया पडलो, बोललो, तो टायर माझ्या हातचा व्हता.”

“मग?”

“त्याची आई लय रडली. तो नाय बोलला कायच. मंग कुबडी घेऊन उठला आन् सोता चाय केली मला. आता दरसाल जातो. करटोली निघाली का. आता बोलतो तो.”

तुम्ही हे वाचताना काय विचार करत असाल, त्याचा अंदाज मला आहे. मीही तोच करत होते. तिथे दामले साहेब नव्हते. नोकरीची भीती नव्हती, कारखानाच शिल्लक नव्हता. वर जिन्यात नवरा आणि एजंट बोलत होते, त्यांना खालचं ऐकू आलं नसतं. चार शब्दांचं काम होतं — तुमचा हात बरोबर होता. ते शब्द जमलेले होते, तोंडाशी होते. बारा वर्षं हा माणूस माझी चूक स्वतःची म्हणून वागवत होता, तिच्यापायी दुसऱ्याच्या दारात जाऊन वाकत होता. आणि मी त्याच्यासमोर बसून विचारलं,

“इथे पाणी किती वेळ येतं?”

“सकाळ-संध्याकाळ येतं, मॅडम. बिल्डिंग चांगली हाय. घ्या तुमी. मी हाय ना इथं.”

नवरा खाली आला तो खूश होऊनच. रिक्षात मी त्याला म्हणाले, स्वयंपाकघर फार अंधारं आहे. अंधारं नव्हतं, मी तर वर गेलेही नव्हते. त्याने दोन दिवस माझी समजूत घालायचा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. आम्ही चिखलोलीला घर घेतलं. छान आहे. आता तिथे स्टेशनही होणार म्हणतात. कुणी विचारलं की नवरा अजून सांगतो, सोनिवलीचा फ्लॅट हातचा गेला, हिला स्वयंपाकघर पसंत पडलं नाही.

गेल्या महिन्यात मी एकटी सोनिवलीला गेले. घरून ठरवून निघाले होते. रिक्षात वाक्यं जुळवली, पहिलं कुठलं बोलायचं तेही ठरवलं. गेटवर दुसरा माणूस होता.

“काळूराम आहेत का?”

“लावणीला गेलाय, वाडीवर. गुरुवारी येईल.” त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काय काम होतं? नाव सांगा, निरोप देतो.”

“नको,” मी म्हणाले. “येईन मी गुरुवारी.”

रिक्षा थांबवून ठेवली होती, तिनेच परत आले.

गुरुवारी मी दिवसभर घरी होते. दुसरं काही काम नव्हतं.